दूध आधी का ब्रश आधी?

(दृश्य: गंगावेशीतला दूध कट्टा, रात्र. भांड्यात पडणारी म्हशीची धार. थोडा वेळ नुसता तो आवाज.)

हा आवाज ज्यानं लहानपणी कट्ट्यावर उभं राहून ऐकलाय, त्याला आणखी काही सांगायला नको. ग्लासावर बोटभर फेस, दूध अजून कोमट. उभ्या उभ्या प्यायचं, ओठावरची पांढरी मिशी मनगटानं पुसायची आणि घरी जाऊन ताणून द्यायची. निम्मं कोल्हापूर असंच वाढलंय. मीही.

ही फिल्म त्या ताणून देण्याच्या आधीच्या दोन मिनिटांची आहे.

कट्ट्यावर आम्ही येईल त्याला एकच विचारत होतो, "झोपताना दात घासता का?" बरेच जण हसले. कान मोडलेला एक पैलवान गडी चक्क लाजला. नातवाला घेऊन आलेल्या एक आज्जी मात्र थेट भिडल्या. "रातच्याला कुणाला भेटायचं हाय रं? सकाळी चार माणसांत जायचं असतंय म्हणून घासायचं."

आज्जींचं उत्तर मी घरी येऊन तीनदा ऐकलं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यातलं त्या बोलल्या होत्या. दात घासणं आपण आंघोळीच्या, भांग पाडण्याच्या रांगेत बसवलंय. चारचौघांत जायची तयारी म्हणून.

तोंडाचा कारभार मात्र उलटा चालतो. दिवसभर तिथं लाळ राबत असते. ती कण धुते, आम्ल मारते, दाताच्या वरच्या थरातून झिजलेलं कॅल्शियम परत भरते. आपण झोपलो की लाळ जवळजवळ थांबते. जेवणातलं जे काही दातांच्या फटीत, दाढांच्या खाचांत राहिलं असेल, त्यावर जंतूंना सहा-सात तास मोकळं रान. साखर-पिठावर ते आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचा हा वरचा थर, एनॅमल, विरघळायला लागतं, आणि हे एनॅमल म्हणजे आपल्या शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, हाडापेक्षा कठीण.

इथं एक खुलासा करायला हवा, नाहीतर कट्ट्यावरची मंडळी मला उभं करणार नाहीत. नुसतं दूध हा या गोष्टीतला मोठा गुन्हेगार नाही. दुधातली साखर उसाच्या साखरेपेक्षा दाताला बरीच सौम्य असते. पण घरी नेऊन त्यात दोन चमचे साखर ढवळली, वर बासुंदीची वाटी झाली आणि तसेच पांघरुणात शिरलो, तर मग बोलायलाच नको.

(दृश्य: सकाळ. रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं. एक तरुण कॅमेऱ्यासमोर मनगट चाटतो, दहा सेकंद वाळू देतो, हुंगतो. चेहरा बघण्यासारखा.)

ही परीक्षा घरी करून बघा, दार लावून. नाहीतर चमचा उलटा करून जिभेच्या अगदी मागच्या भागावरून ओढा. जो पांढरट थर येईल त्याचा वास घ्या. समोरच्याला येतो तो हाच.

"पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो" हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. दहातल्या आठ-नऊ जणांत वास तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या बाजूला, हिरड्यांच्या कडेला बसलेले जंतू अन्नातली आणि झडलेल्या पेशींमधली प्रथिनं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. सडक्या अंड्याला जो वास असतो, त्याच कुळातला. रात्री लाळ थांबते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला येतो. नवरात्रात कडक उपवास धरणाऱ्यांनाही हा अनुभव असतो. खाणं नाही, चावणं नाही, म्हणजे लाळ कमी.

तांबड्या-पांढऱ्याचं प्रकरण मात्र वेगळं. लसणातला एक गंधकी पदार्थ पचून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतो. तिथं ब्रश काय करणार? रस्सा ओरपलाय तर दुसऱ्या दिवसापर्यंत वास निभवायचा. माझ्या मते तेवढी किंमत रास्त आहे.

(दृश्य: खेड्यातलं घर, परसदार. चुलीवर पत्र्याचा तुकडा, त्यावर तंबाखू. धूर.)

आता ज्या गोष्टीसाठी मला ही फिल्म करायची होती, ती मशेरी.

पत्र्यावर तंबाखू भाजायला घातली की गल्लीला ठसका लागतो. काळी कुळकुळीत झाली की हातानं चुरायची, डबीत भरायची. मग उंबऱ्यावर बसून पहिल्या बोटानं सावकाश हिरड्यांवर फिरवायची. आम्ही ज्यांचं चित्रीकरण केलं त्या मावशी वीस मिनिटं बसल्या होत्या. धारा काढून झाल्या होत्या, भाकऱ्या व्हायच्या होत्या. मधला हा वेळ त्यांचा एकटीचा. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारत नाही. "मशेरी सोडा" असं भिंतीवर रंगवणाऱ्यानं हे एकदा बघायला हवं.

त्यांना मशेरी कशी लागली? दहा-बारा वर्षांच्या असताना दाढ ठणकत होती. आई म्हणाली, जरा मशेरी लाव, थांबतंय. थांबलं. मग ती रोजची झाली. आता सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, रानातून आल्यावर एकदा. "लावल्याबिगर पोट साफ हुईत न्हाई," त्या म्हणतात, आणि ते खोटं नाही. निकोटीन आतड्याला चाळवतं. पण आतड्याला ती खोड लावली कुणी, तर याच डबीनं.

मावशींनी ओठ वर करून दाखवला. (कॅमेरा जवळ.) हिरडी खाली सरकलीय, पिवळी मुळं उघडी पडलीत आणि गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, पुसून न जाणारा. दात घासायला म्हणून वापरतात ती वस्तू. भाजली, जाळली, काळी केली, तरी ती तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरशी तिचं नातं पक्कं आहे. दोन आठवडे झाले तरी न जाणारा चट्टा किंवा फोड डॉक्टरांना दाखवायचाच. मावशींना आम्ही घेऊन गेलो. पुढचं त्यांचं खासगी आहे.

टपरीवरच्या सुपारी-तंबाखूच्या माव्याबद्दल थोडक्यात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, सुपारी चघळणारी तोंडं मात्र तशीच राहिली. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर उशीर करू नका.

(दृश्य: गुऱ्हाळ. काहिलीत उकळणारा रस. पोरं काकवीत बोट बुडवून चाटताहेत.)

ऊस चावला की दात आपोआप घासले जातात, असं इथलं प्रत्येक पोर शपथेवर सांगतं. चोथ्यानं थोडं घासलं जात असेलही, पण त्याच वेळी रसातली साखर दातांना न्हाऊ घालत असते. यात किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. एकदा गोड तोंडात गेलं की अर्धा तास तरी आम्लाचा अंमल असतो. जेवताना गुळाचा मोठा खडा खाल्ला तरी एकच अर्धा तास. तोच खडा खिशात ठेवून दुपारभर चघळला, किंवा दर तासाला गोड चहा झाला, तर दाताला उसंत कधी मिळणार?

माझी एक दाढ अशीच गेली. आधी गार पाण्यानं सणक यायची. मग रात्री ठणका. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला, बधिर झाली, झोप लागली. आठवड्यानं ठणका आपोआप थांबला आणि मी खुशीत होतो. खरं तर आतली शीर मेली होती म्हणून दुखायचं थांबलं होतं. पू खाली मुळाशी साचत होता. चार महिन्यांनी गाल सुजला तेव्हा दाढ वाचवण्यासारखी उरली नव्हती. जिथं ती होती तिथं अजूनही जीभ जाते.

(दृश्य: माझ्या घरातलं बेसिन. रात्रीचे साडेनऊ.)

मोठ्यांच्या पेस्टच्या डब्यावर बारीक अक्षरात बघायचं, फ्लोराइड हजार पीपीएमच्या आसपास हवं. वनस्पतींची चित्रं असलेल्या काही पेस्टमध्ये ते नसतंच. ब्रश मऊ, हिरडीच्या कडेला तिरका धरून, हलक्या हातानं. भांडी घासल्यासारखं रगडलं की हिरडी मागं सरते. दोन मिनिटं घड्याळ लावून घासून बघा, केवढी लांब वाटतात. केस फाकले की ब्रश बदलायचा, तीन महिन्यांच्या पुढं ओढायचा नाही. शेवटी जीभ, मागून पुढं.

आणि चूळ. आपल्याकडं चूळ अशी भरतात की शेजारच्या घराला कळावं. तांब्याभर पाण्यानं खळाखळा. त्यात फ्लोराइडही वाहून जातं. रात्री फक्त थुंकायचं, चूळ नाही. मला हे जमायला महिना लागला.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. सहाव्या वर्षी तिला मागं पहिली कायमची दाढ आली. ती दुधाचे दात पाडून येत नाही, गुपचूप मागं उगवते, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. कट्ट्यावरून आणलेलं दूध आईनं गरम केलंय. पोरगी दारात उभी.

"बाबा, दूध आधी का ब्रश आधी?"

"दूध आधी."

ती पिते, घासते, थुंकते. सवयीनं हात तांब्याकडं जातो. तांब्या मी आधीच उचलून ठेवलेला असतो.