एका डॉलरची इमारत

मंडळी, नमस्कार. मला विषय दिलाय 'आपली वास्तू'. मंडळाच्या स्वतःच्या हॉलसाठीच्या वास्तुनिधीचा आकडा खजिनदार सांगतीलच. मी मॅनहॅटनमधल्या एका पडक्या इमारतीची गोष्ट सांगतो.

१९८० साल उजाडताना काही चित्रकारांनी डिलॅन्सी स्ट्रीटवरच्या पालिकेच्या रिकाम्या इमारतीत घुसून प्रदर्शन मांडलं. पालिकेनं लगेच टाळं ठोकलं. पण बोभाटा एवढा झाला की जवळच रिव्हिंग्टन स्ट्रीटवर १५६ नंबरची जागा पालिकेनंच त्यांना दिली. समोर वकील-नोटरीची जुनी स्पॅनिश पाटी होती. तिची अक्षरं गळून जी उरली तेच नाव पडलं, 'एबीसी नो रिओ'. बारसं असं फुकटात उरकलं!

नव्वदच्या दशकात मी एकदा तिथे गेलो होतो. शनिवारी दुपारी पंक संगीत. खरं सांगतो, कानठळ्या बसल्या, पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. पण त्याच इमारतीत फोटो धुवायची डार्करूम, सिल्कस्क्रीनचा छापखाना, लोकांनी घरी छापलेल्या पुस्तिकांचं वाचनालय, असा संसार थाटलेला. वंशद्वेषी किंवा बायकांना हिणवणारी गाणी म्हणणाऱ्यांना मंच नाही, हा नियम. तो पाळायला लावणारे, दारात उभे राहणारे, झाडू मारणारे, सगळे हौशी.

पालिकेनं त्यांना हुसकायचा प्रयत्न केला. मोर्चे, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १९९७ मध्ये पालिका इमारत १ डॉलरला द्यायला कबूल झाली. दुरुस्तीचा पैसा तुम्ही उभा करा, ही अट. कागद हातात पडला २००६ मध्ये. एक डॉलर म्हटलं की आपण हसतो, त्याआधीची २६ वर्षं कोणी मोजत नाही. आणि एवढं करून इमारत दुरुस्तीपलीकडे गेलेली! २०१७ मध्ये ती पाडली. मग मोकळा प्लॉट, नव्या इमारतीचं काम सुरू झालं २०२४ मध्ये. मधल्या काळात वाचनालय दुसऱ्यांच्या जागेत चालू राहिलं.

आपल्याला हे परकं वाटायला नको. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं १९७४ पासून नाटकं केली. जागा शाळेचीच होती. तरी जुना नाटकवाला 'छबिलदासला बघितलं होतं' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वर्ग आणि फळा नसतो.

आपण मात्र उलटं धरून बसलोय. हॉल झाला की वाचनालय काढू, हॉल झाला की मुलांचं नाटक बसवू. पुस्तकांची चौदा खोकी माझ्या गॅरेजमध्ये आहेत, सौभाग्यवती रोज आठवण करून देतात. पुढच्या रविवारपासून ती इथे, शाळेच्या कँटीनमध्ये, दोन तास उघडी मांडू. भाडं तर आपण भरतोच आहोत.

आणि हो, गणपतीत खुर्च्या आवरायला सहा जण थांबले होते, त्यातले चार सत्तरीपुढचे. आज सतरंज्याही आहेत. चहा ठेवलाय, जरा थांबा.