पंधराचा डबा: किलोचा की लिटरचा?

नमस्कार, श्रोतेहो. घरात दहावी-अकरावीची पोरं असतील, तर त्यांना जरा रेडिओजवळ बोलवा.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. लातूरच्या आडतीत सोयाबीनच्या थप्प्या लागल्या होत्या आणि माझ्याकडं शिकवणीला येणाऱ्या एका पोरानं वहीत लिहिलं होतं, ‘१५ लिटर तेल = १५ किलो तेल’. मी म्हटलं, "बाबा, पाणी असतं तर चाललं असतं." तो म्हणाला, "सर, तेल पाण्यापेक्षा घट्ट राहतंय, मग जास्तच भरंल की!"

गाडी रुतते ती इथंच. तेल सावकाश ओघळतं, बोटाला धरून राहतं, तो त्याचा चिकटपणा. जड-हलकं ठरतं घनतेवर, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम माल मावला त्यावर. त्याला विचारलं, "आईनं वरणाला फोडणी दिली की तवंग कुठं येतो?" "वर." मग हलकं कोण? पोरगं गप्प बसून खोडरबर शोधायला लागलं.

आता आकडे घ्या. सोयाबीन तेल ३० अंश सेल्सिअसला लिटरमागं ९१३ ग्रॅम भरतं. १५ लिटरचा डबा म्हणजे १५ गुणिले ०.९१३, साधारण १३.७ किलो. १५ किलोचा डबा म्हणजे १५ भागिले ०.९१३, जवळपास १६.४ लिटर. गुणायचं की भागायचं, इथं पोरं छापा-काटा करतात. त्यापेक्षा आकड्यापुढं एकक लिहा. लिटरला ‘किलो प्रति लिटर’नं गुणलं की लिटर कटतो, किलो उरतो. दुकानात मात्र दोन्ही डबे ‘पंधराचा द्या’ असंच म्हणून मागतात, आणि फरक पडतो सव्वा किलोच्या वर!

शिवाय तेल तापलं की फुगतं. वस्तुमान तेवढंच, आकारमान वाढतं. म्हणून ६० अंशांना लिटरभर तेल ८९२.६ ग्रॅमच भरतं. काही पिशव्यांवर लिटरशेजारी बारीक अक्षरात ६० अंश छापलेलं असायचं. आपला मे महिना कितीही तापला, तरी ६० अंशांचं तेल कुणाच्या फडताळात असतं? अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं कंपन्यांना सांगितलं, तापमान काढा, लिटरसोबत वजनही बरोबर छापा.

आता एक गणित तुमच्यासाठी. रिकामी बाटली २० ग्रॅम. पाण्यानं काठोकाठ भरली की ५२० ग्रॅम, तीच तेलानं भरली की ४७७ ग्रॅम. पाण्याची घनता १ धरा आणि तेलाची काढा. बाटलीचं वजन आधी वजा करा हं, निम्मा वर्ग तिथंच घसरतो.