विसर्जन ते दिवाळी

नमस्कार श्रोतेहो.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपली, की कोल्हापुरातल्या पेठापेठांतून दुसरी गडबड सुरू होते. मंडप उतरतो, तालमीसमोरचा रस्ता मोकळा होतो आणि चार दिवसांत पहाटे रंकाळ्याभोवती धावणारी पोरं दिसायला लागतात. दिवाळी झाली की शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम. म्हणजे तयारीला हातात असतात साधारण सहा आठवडे. आज बोलायचं आहे ते याच सहा आठवड्यांबद्दल, कारण हंगामात बाकावर बसून सामना बघावा लागणाऱ्या बऱ्याच खेळाडूंची दुखापत खरं म्हणजे इथेच सुरू झालेली असते.

असं का होतं? मागचा हंगाम उन्हाळ्यात संपला. मग पावसाळा. मैदानं चिखलात, पोरं कुणी नोकरीत, कुणी कॉलेजात, आणि शेवटचे दहा-बारा दिवस गणपतीची जागरणं. तीन-चार महिने ज्या पायांनी एकही जोराची धाव घेतलेली नाही, त्यांना आपण पहिल्याच आठवड्यात रंकाळ्याचे फेरे, पन्हाळ्याच्या रस्त्याचा चढ आणि संध्याकाळी मैदानावर शटल, म्हणजे थोड्या अंतरात पुढे-मागे जोराच्या धावा, असं सगळं एकदम देतो. आपल्याकडचा फुटबॉल तालमीत वाढला. अंग मोडेपर्यंत मेहनत हा तिथला संस्कार आहे आणि तो वाईट मुळीच नाही. पण दम महिन्याभरात बऱ्यापैकी येतो, स्नायूबंध तितक्या लवकर तयार होत नाहीत. टाचेमागची शीर, गुडघ्याखालचा बंध, जांघ यांना जास्त आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात पोराला वाटतं आपण तयार झालो, आणि नेमकी तेव्हाच टाच बोलायला लागते.

हे काही आपल्याकडचंच दुखणं नाही. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नव्वदच्या दशकाच्या शेवटी 91 व्यावसायिक क्लबांच्या दोन हंगामांतल्या दुखापतींची नोंद तपासली होती. त्यात सुमारे 17 टक्के दुखापती हंगामापूर्वीच्या सरावातल्या निघाल्या. या काळात टाचेमागच्या शिरेचा दाह आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचं ताणलं जाणं, या तक्रारी जास्त होत्या. आणि मैदान बहुतेक वेळा कोरडं, कडक. तिकडे जुलै, आपल्याकडे ऑक्टोबर. पाऊस थांबला, ऊन पडलं, की चिखलात उमटलेले बुटांचे खड्डे तसेच वाळून दगड होतात. त्यावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट घालून वळायचं म्हणजे घोट्याला आमंत्रणच. पहिले दोन आठवडे धावण्याचा सराव साध्या रनिंग बुटांवर, गवत शिल्लक असेल त्या कडेने करावा. मैदानाला पाणी मारायची सोय असेल तर त्यासाठी थोडं भांडायलाही हरकत नाही.

आता भार मोजायचा कसा? मोठे क्लब खेळाडूच्या पाठीवर जीपीएसचं यंत्र बांधतात. आपल्याला एक वही पुरते. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारायचं, आजचा सराव दहापैकी किती जड गेला? तो आकडा आणि सरावाची मिनिटं यांचा गुणाकार करायचा. नव्वद मिनिटांचा सराव सात जड गेला, तर 630. आठवड्याची बेरीज मांडायची. पुढच्या आठवड्याची बेरीज थोडी वाढावी, एकदम दीडपट होऊ नये. नेमकी किती वाढ चालेल यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत, त्यामुळे आकड्याची पूजा करू नका. पण त्याच सरावाला बाकी सगळे पाच म्हणतात आणि एकच जण नऊ म्हणतो, तेव्हा त्या एकाला बाजूला घेऊन चौकशी करावी. रात्रपाळी असेल, ताप येऊन गेला असेल, किंवा काहीतरी दुखत असेल आणि तो सांगत नसेल.

हे न सांगणं हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. "काय न्हाई सर, जरा धरलंय." हे वाक्य कोल्हापुरातल्या प्रत्येक कोचने ऐकलेलं असतं. पोराचं त्यात चूक काय? सांगितलं तर संघातून जागा जाईल, पेठेत लोक म्हणतील घाबरला. म्हणून क्रेप बँडेज आवळून तो उतरतो. यावर उपाय कोचच्याच हातात आहे. दुखणं लवकर सांगणाऱ्याची जागा जाणार नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगावं आणि मग ते पाळावं. दोन दिवसांच्या विश्रांतीवर भागणारी लचक लपवली, तर ती महिना खाते.

मांडीच्या मागच्या स्नायूचं, म्हणजे हॅमस्ट्रिंगचं, जरा सविस्तर सांगतो, कारण वेगवान विंगर आणि फॉरवर्ड यांचा हंगाम बहुधा तोच बिघडवतो. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींचा अभ्यास 2001पासून सलग चालू आहे. तिथे सगळ्या दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा 12 टक्क्यांवरून दोन दशकांत 24 टक्क्यांवर गेला. त्यांच्याकडे डॉक्टर, यंत्रं, बर्फाची टबं सगळं असूनही! आणि यावरचा सगळ्यात चांगला तपासलेला व्यायाम मात्र फुकटचा आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, आणि कमरेत न वाकता अंग हळूहळू पुढे सोडायचं. जमेल तितका वेळ मांडीने रोखायचं, शेवटी हातांवर पडायचं. याला नॉर्डिक म्हणतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या चाचणीत पन्नास संघ होते. दहा आठवडे हा व्यायाम केलेल्या गटात हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, न केलेल्या गटात 52. आपल्या तालमीत जोडीने जोर-बैठका मारणाऱ्यांना हे अवघड नाही. फक्त सुरुवात बेताची हवी: पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन फेरे. नंतर दोन दिवस मांड्या भरून येतील, त्याला दुखापत समजू नका. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम ठेवू नका.

वॉर्मअपसाठी फिफाने तयार करून घेतलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा पंधरा व्यायामांचा संच आहे, वीस मिनिटांचा. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या संघांवर तो वापरून पाहिला, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. आठवड्यातून दोनदा तरी, आणि नीट केला तरच. गप्पा मारत केलेल्या वॉर्मअपचा उपयोग गप्पांपुरताच.

या सहा आठवड्यांच्या मधोमध नवरात्र येतं. अंबाबाईच्या गावात कित्येक खेळाडूंचे नऊ दिवसांचे उपवास असतात, काही जण अनवाणी राहतात. व्रत ज्याचं त्याने ठरवावं, त्यात कोचने पडू नये. पण त्याला ते आधी माहीत हवं. उपवास करणाऱ्याला त्या आठवड्यात जोराच्या धावा कमी द्याव्यात, सराव पहाटेऐवजी काही खाल्ल्यानंतर ठेवावा, दूध, केळी, शेंगदाणे, रताळं पोटात जाईल असं बघावं. नऊ दिवस अनवाणी चालून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकदम नवे बूट घालून पूर्ण सामना खेळू नये. टाच आणि तळवा दोन्ही कुरकुरतात.

दुखापत झालीच तर? घोटा मुरगळला आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल, किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचाच. आधी हाडवैद्य आणि मग बघू, असं नको. मांडीला गुडघ्याचा जोराचा दणका बसला असेल, तर पहिले काही दिवस तिथे मालिश अजिबात नको. तालमीतल्या जाणत्या वस्तादांना हे पटायला जड जातं, पण आत साकळलेलं रक्त रगडलं तर त्या स्नायूत हाड तयार होण्याचा धोका वाढतो. बर्फ कापडात गुंडाळून लावा, पट्टी बांधा. डोक्याला मार लागून पोर गोंधळलं, चक्कर आली, उलटी झाली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. डॉक्टरकडे न्यायचं.

गुडघ्याची गोष्ट वेगळी. भारताचा बचावपटू संदेश झिंगन 2019च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय संघाच्या सराव सामन्यात जखमी झाला आणि गुडघ्याच्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडांना जोडून धरणाऱ्या बंधाच्या, दुखापतीमुळे केरळा ब्लास्टर्स या त्याच्या क्लबचा अख्खा हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं. सामना सरावाचा होता म्हणून लिगामेंट सूट देत नाही. शस्त्रक्रिया झाली, तर परत खेळायला निदान नऊ महिने धरून चाला.

आणि हॅमस्ट्रिंगवाल्याला परत कधी घ्यायचं? कॅलेंडर बघून नाही. दुखल्याशिवाय चालणं, मग हलकी धाव, मग पूर्ण वेगाची सरळ धाव, मग वळणं, मग चेंडूसह, मग संघाबरोबर निदान दोन-तीन पूर्ण सराव. एखाद्या पायरीवर दुखलं तर एक पायरी मागे. युरोपच्या त्याच अभ्यासात पाचातली जवळपास एक हॅमस्ट्रिंग दुखापत ही जुनीच उलटलेली निघाली, आणि त्यातल्या बहुतेक दोन महिन्यांच्या आत. म्हणून पाचव्या आठवड्यातल्या सराव सामन्यात, समोर पेठेतला जुना वैरी संघ असला आणि कट्ट्यावरून नावाने हाका येत असल्या, तरी त्या पोराला पहिल्या अकरात घालू नका. शेवटची वीस मिनिटं द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी कशी आहे ते विचारा आणि वहीत लिहा.

नमस्कार.