जे गोळा केलं, ते सांडणारच
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, व्याख्यानाला आलं की फोन बंद करायला सांगतात. आज जरा बाहेर काढा. सकाळी चहाबरोबर ज्या वर्तमानपत्राची साइट उघडता, ती उघडा. वरच्या पत्त्यात डॉट कॉमच्या पुढे जे काही असेल ते खोडा, एक तिरकी रेघ द्या आणि रोमन अक्षरांत लिहा: ए, डी, एस, टिंब, टी, एक्स, टी. आता एंटर दाबा.

बहुतेकांच्या पडद्यावर नुसता मजकूर आला असेल. प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने तोडलेले तीन-चार तुकडे. पहिला तुकडा म्हणजे जाहिरातीच्या बाजारातल्या एखाद्या कंपनीचं डोमेन. दुसरा, त्या कंपनीकडचा खातेक्रमांक. तिसरा शब्द ‘डायरेक्ट’ किंवा ‘रिसेलर’. या वर्तमानपत्राची जाहिरातीची जागा विकायची परवानगी कुणाकुणाला आहे, त्याची ही जाहीर यादी. २०१७ मध्ये ही पद्धत आली ती खोटी जागा विकणाऱ्या भामट्यांना रोखण्यासाठी. वाचकाचा विचार त्यात कुठेच नव्हता. तरी वाचकाला सगळ्यात जास्त सांगणारं पान हेच. अंगठ्याने खाली सरकवत राहा आणि शेवट कधी येतो ते बघा. तोवर मी पुढे बोलतो.

विषय पत्रिकेवर छापलाय: वृत्तमाध्यमं, सरकार आणि आपला खासगीपणा. तिघांबद्दल माझं म्हणणं एकच आहे. माहिती एकदा गोळा झाली की ती जिथे गोळा झाली तिथे राहत नाही. तिला पाय फुटतात. म्हणून ‘आम्ही ती नीट जपू’ या आश्वासनावर, मग ते संपादकांचं असो की मंत्र्यांचं, माझा विश्वास नाही. वेबसाइट बांधणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही, कारण माहिती पळते ती वाट त्यानेच बांधलेली असते.

तर ती वाट बघू. तुम्ही बातमीवर बोट ठेवता आणि पान उघडायला लागतं. मजकूर पुरता दिसायच्या आत तुमच्या ब्राउझरमध्ये जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीसाठी लिलाव पुकारला जातो. बोली मागणारी एक चिठ्ठी निघते. तिच्यात काय असतं? तुम्ही वाचताय त्या पानाचा पत्ता, तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक), फोनचं मॉडेल, ब्राउझर, अंदाजे ठिकाण, बातमीचा विषय, आणि तुम्हाला पूर्वी चिकटवलेला एक ओळखक्रमांक. ही चिठ्ठी एकाच वेळी अनेक बोलीदारांकडे जाते. उत्तराला साधारण १०० मिलिसेकंद मिळतात, म्हणजे पापणी लवायच्या आत सौदा मिटतो. ज्याची बोली लागली त्याची जाहिरात दिसते.

आणि ज्यांची लागली नाही त्यांचं काय? चिठ्ठी तर त्यांनीही वाचली. कर्करोगाच्या उपचारांवरचा लेख कुणी रात्री दोन वाजता, कुठल्या गावातून, कुठल्या फोनवर वाचला, हे हरलेल्या प्रत्येकाकडे पोचलं. ते साठवू नका असं करारात लिहिलेलं असतं. साठवलं की नाही, हे तपासायला त्यांच्या सर्व्हरवर कुणी जात नाही.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. घरी संगणकावर क्रोम उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ नावाच्या कप्प्यात जा. ‘डिसेबल कॅश’ आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’ या दोन्ही चौकोनांत खूण करा, नाहीतर आधी साठवलेल्या फाइली पुन्हा मागवल्या जात नाहीत आणि आकडा फसवा येतो. तक्त्याच्या मथळ्यावर उजवी क्लिक करून ‘डोमेन’ हा रकाना सुरू करा. मग बातमीचं पान पुन्हा लोड करा आणि काही न करता एक मिनिट थांबा. खाली डाव्या कोपऱ्यात विनंत्यांचा आकडा चढताना दिसेल. पान वाचून झालं, तुम्ही खुर्चीवरून उठलात, तरी कित्येकदा तो चढतच असतो, कारण ठरावीक सेकंदांनी जाहिरात बदलते आणि दर वेळी लिलाव नव्याने होतो. त्यात ‘पिक्सेल’, ‘सिंक’, ‘मॅच’ असे शब्द असलेले पत्ते शोधा. एकावर क्लिक करा. उत्तरात काय आलं? एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र, जेमतेम ४३ बाइटचं. ते तुम्हाला दिसावं म्हणून आलेलंच नाही. ते मागताना तुमचा ब्राउझर जी कुकी, म्हणजे त्या कंपनीने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, पाठवतो ती हवी असते. ‘सिंक’ म्हणजे दोन कंपन्या आपापल्या वह्या उघडून, तुमच्याकडचा अमुक क्रमांक म्हणजे आमच्याकडचा तमुक, असा मेळ घालतात.

कुकी १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये जन्मली ती साध्या गरजेपोटी: दुकानाच्या साइटला गिऱ्हाईक पुन्हा आलं की ओळखता यावं. त्रयस्थाची कुकी, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटऐवजी भलत्याच कंपनीने ठेवलेली, ही तिची विकृती. सफारी ब्राउझरने मार्च २०२० मध्ये ती पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक साइटसाठी तिचा वेगळा डबा केला. गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की दोन वर्षांत क्रोममधून काढू. मुदत ढकलत राहिले आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडला. ब्राउझर ज्याचा आणि जाहिरातीचा बाजारही ज्याचा, तो आपलं दुकान आपल्या हाताने बंद करील अशी आशा कुणी का धरली, हे मला आजही कळत नाही.

संपादक मंडळी म्हणतात, ‘याच्यावरच वर्तमानपत्र चालतं, दुसरा मार्ग नाही.’ युरोपचा माहिती संरक्षणाचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ला लागू झाला. त्या दिवशी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ आणि ‘शिकागो ट्रिब्यून’ यांनी युरोपातल्या वाचकांना दारच लावून घेतलं. ‘यूएसए टुडे’ने मात्र युरोपासाठी पाळत काढलेली वेगळी आवृत्ती दिली. तिथल्या एका वेब विकसकाने तेव्हा मोजून जाहीर केलेले आकडे: पान ५.२ मेगाबाइटवरून ५०० किलोबाइटवर आलं, जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडच्या, फाइली १२४वरून शून्यावर, लोड व्हायचा वेळ ४५ सेकंदांवरून ३वर. बातम्या त्याच होत्या. म्हणजे उरलेला सगळा भार बातमी सोडून दुसऱ्याच कशाचा होता, आणि त्याचा डेटा पॅक वाचकाच्या खिशातून जात होता.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मराठीचा प्रश्न आहे. एके काळी आपल्या वर्तमानपत्रांच्या साइट वाचायच्या तर आधी त्यांचा फॉंट उतरवून घ्यावा लागे. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारं युनिकोड आलं आणि ते सुटलं. मग गूगल फॉंट्स हा फुकट फॉंटांचा साठा आला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरसंस्थेने केलेला ‘मुक्ता’ फॉंट एका ओळीत कुठल्याही पानावर लावता येतो. पण ती ओळ लिहिली की वाचकाचा ब्राउझर फॉंट मागायला गूगलच्या सर्व्हरकडे जातो, आणि आयपी पत्ता तिकडे पोचतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेमक्या याच गोष्टीसाठी एका साइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: फॉंट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येत असताना वाचकाचा पत्ता बाहेर का पाठवला?

आणि खरंच ठेवता येतो. फॉंटची वेबसाठीची ‘डब्ल्यूओएफएफ-टू’ फाइल आपल्या सर्व्हरवर टाका, ‘फॉंट-फेस’ नियमात तिचा मार्ग द्या, झालं. फाइल लहान करायला कातरणार असाल तर देवनागरीच्या ०९०० ते ०९७F या युनिकोड क्रमांकांच्या पट्ट्याबरोबर २००C, २००D ही दोन अदृश्य चिन्हं आणि रुपयाचं २०B९ ठेवा, आणि फॉंटमधले अक्षरं जोडायचे नियम काढून टाकू नका. ते गेले की ‘क्ष’ फुटतो, रफार सुटतो, ‘वाऱ्या’तला अर्धा र मोडतो, आणि लोक म्हणतात मराठी वेबवर नीट दिसत नाही. पानाच्या अगदी वर भाषा ‘एम-आर’ अशी लिहा. ज्या फॉंटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे येतात. ‘एच-आय’ लिहिलं तर हिंदी वळणाचे. बालभारतीच्या पुस्तकातला ‘श’ पोरांना वर्तमानपत्राच्या साइटवरही तसाच दिसायला हवा. वाचकाबद्दल आस्था असलेला माणूस या दोन्ही गोष्टी करतो, आणि दोन्हींना मिळून एक दुपार पुरते.

मग हे होत का नाही? कारण पानावर काय चढतं यावर विकसकाचा ताबा उरलेला नाही. टॅग मॅनेजर नावाची एक ओळ पानात असते. त्यामागे जाहिरात विभागातलं कुणीही, कोड न तपासता, नवी स्क्रिप्ट जोडू शकतं. ती स्क्रिप्ट आणखी तिघांना घेऊन येते. आणि पानात शिरलेल्या प्रत्येक स्क्रिप्टला घरमालकाइतकेच अधिकार असतात: फॉर्ममध्ये तुम्ही टाइप केलेलं अक्षर न अक्षर ती वाचू शकते. जून २०२४ मध्ये ‘पॉलिफिल डॉट आयओ’चं तेच झालं. हजारो साइटनी वर्षानुवर्षं विश्वासाने लावलेली ती स्क्रिप्ट. डोमेनचा मालक बदलला, नव्या मालकाकडून वाचकांना फसव्या साइटवर पळवणारा कोड यायला लागला, आणि एक लाखाहून जास्त साइट बाधित झाल्या. त्यांच्या स्वतःच्या कोडमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटं उरलीत, आणि सरकार अजून यायचंय. तर भराभर.

अमेरिकेत २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कार्पेंटर’ खटल्यात सांगितलं की मोबाइल कंपनीकडून माणसाच्या हालचालींचा जुना तपशील घ्यायचा तर वॉरंट लागेल. मग यंत्रणांनी काय केलं? तसाच तपशील माहिती विकणाऱ्या दलालांकडून विकत घेतला. तिथल्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने जून २०२३ मध्ये खुल्या केलेल्या अहवालात अशा खरेदीची कबुली आहे. मघाची लिलावाची चिठ्ठी आठवा. वर्तमानपत्राच्या पानावरून निघालेली माहिती सरकारच्या टेबलावर कशी येऊ शकते, याचं उत्तर त्यात आहे.

आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, अशी सरकारची बाजू न्यायालयात मांडली गेली होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की आहे. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ने बातमी दिली की ५०० रुपयांत आधारधारकांचे तपशील पाहायची सोय विकत मिळते. आधार प्राधिकरणाचं उत्तर काय? बायोमेट्रिक सुरक्षित आहे. बातमी बोटांच्या ठशांची नव्हती, नाव-पत्त्यांची होती. गुन्हा नोंदवला गेला त्यात बातमीदाराचंही नाव. अशी बातमी करणाऱ्यांबद्दल मला अतोनात आदर आहे, म्हणूनच ती ज्या पानांवर छापली जाते त्या पानांचा राग येतो. एरवी माहिती फुटल्याच्या बातमीत ‘हॅकर्सचा डल्ला’ एवढंच असतं. बातमीदारांनी चार प्रश्न विचारावेत: दार कुणी उघडं ठेवलं होतं, किती दिवस, किती नोंदी, आणि पासवर्ड हॅश केलेले, म्हणजे परत उलगडता येणार नाहीत अशा रूपात साठवलेले, होते का?

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, दंड २५० कोटींपर्यंत. चांगलं आहे. पण कलम १७ वाचा. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना सगळ्या कायद्यातून वगळू शकतं. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात, काम संपल्यावर माहिती पुसून टाकायची जी सक्ती कंपन्यांवर आहे, ती सरकारवर नाही. जपण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं, आणि नेमकी तिथेच सूट. पत्रकारितेसाठीची सूट २०१९च्या मसुद्यात होती, कायद्यात राहिली नाही. शिवाय कलम ४४ने माहिती अधिकार कायद्यातल्या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या, ८(१)(j)मधली सार्वजनिक हिताची तरतूद काढली. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देऊ देणारं ८(२) अजून शाबूत आहे. अर्ज करणाऱ्यांनी अपिलात त्याचा उल्लेख जरूर करावा.

वाचकांसाठी काही गोष्टी. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’, मग ‘अ‍ॅड्स’, तिथे जाहिरात ओळखक्रमांक कायमचा काढून टाका. आयफोनमध्ये ‘ट्रॅकिंग’खाली अ‍ॅपना विचारण्याची परवानगी बंद करा. बातम्या फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं जोडसाधन लावून वाचा, आणि जे वर्तमानपत्र आवडतं त्याची वर्गणी भरा. वर्गणी भरूनही नेटवर्कच्या कप्प्यात तेच पत्ते दिसले, तर त्याचं चित्र संपादकांना पाठवा.

आणि इथे जी विकसक मुलं-मुली बसली आहेत त्यांना. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. ठेवा, पण कायद्याने सक्तीची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी ते आपोआप जातील अशी व्यवस्था आजच लावा. टॅग मॅनेजरमध्ये कोण काय घालतं त्याची यादी मागा. आणि सोमवारी डेटाबेस उघडून ग्राहकांच्या तक्त्यात जन्मतारखेचा रकाना आहे का बघा. असला तर विचारा, हा कोण वापरतं? वय १८च्या वर आहे एवढंच हवं असेल तर तेवढंच साठवा. कुणीच वापरत नसेल तर रकाना काढून टाका. आणि मग बॅकअपमधूनही काढा, कारण तिथे तो हमखास राहतो.