गार्टर सापाला खायला काय घालावं?

नमस्कार श्रोतेहो. इथे कॅनडात माझ्या मुलीने कुत्रा नको, सापच हवा म्हणून हट्ट धरला, आणि आमच्या घरी गार्टर आला. बोटाएवढा जाड, पाठीवर पिवळे पट्टे. त्याला पाहिलं आणि मला गावाकडच्या बांधावरची नानेटी आठवली. दुकानदाराने सोबत गोल्डफिशची पिशवी दिली. आम्ही महिनोन्‌महिने तेच घालत राहिलो. एके दिवशी साप थरथरायला लागला, मान वाकडी झाली. उताणा पडला की त्याला पालथं होता येईना. मुलगी रडत होती आणि आम्हाला काही सुचत नव्हतं.

पशुवैद्यांनी आधी एवढंच विचारलं, “खायला काय देता?” गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. रोज तोच मासा पोटात गेला की सापाचे मज्जातंतू आणि मेंदू उपाशी राहतात. मासा फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे विकर नष्ट होत नाही. ब-१ची इंजेक्शनं वेळेवर मिळाली, म्हणून आमचा साप वाचला.

ट्राउट, सॅमन, तिलापिया यांत हे विकर नसतं. पण माशाच्या नुसत्या तुकड्यात हाड कुठे असतं? मग कॅल्शियम मिळणार कसं? म्हणून मुख्य खाणं उंदराची फ्रोझन पिल्लं ठेवा. हाडं, काळीज, यकृत सगळं त्यात येतं. कोमट पाण्यात पूर्ण वितळवून द्या. बरेच गार्टर आधी तोंड फिरवतात, कारण त्यांची भूक वासावर चालते. उंदराच्या पिल्लाला ट्राउटचा तुकडा चोळा. आमच्या सापाने चौथ्या खेपेला घेतलं, आणि तेव्हा घरात कोण आनंद झाला म्हणून सांगू!

गांडुळं त्यांना फार आवडतात. नाइटक्रॉलर नावाची मोठी गांडुळं चालतात, खतातली लाल मात्र नकोत, ती सापाला बाधतात. बागेत कीटकनाशक मारलं असेल तर तिथलीही उचलू नका. एकट्या गांडुळांवर साप ठेवू नये, त्यांतही कॅल्शियम कमीच.

सापाच्या लहान पिल्लाला दोन-तीन दिवसांनी खायला द्या, मोठ्या सापाला आठवड्यातून एकदा. ताज्या पाण्याचं भांडं कायम असू द्या.

आणि तुमच्या घरी आज गोल्डफिशच चालू असेल, सापाची मान जराही थरथरत असेल, तर उद्यावर ढकलू नका. आजच पशुवैद्यांना फोन करा, आणि तो काय खातो हे त्यांना आधी सांगा.