इलेक्ट्रिक गाडी घेताय? टोकन देण्याआधी डीलरला हे विचारा

नमस्कार मंडळी! इलेक्ट्रिक स्कूटर किंवा बाईक घ्यायला शोरूममध्ये गेलात तर समोरच्याला नेमकं काय विचारायचं, ते आज पाहू.

आपल्या नागपुरात गाडी घरी येते ती दसऱ्याला, नाही तर गुढीपाडव्याला. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, तुमच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार? म्हणून महिनाभर आधी, कामाच्या दिवशी, दुपारच्या निवांत वेळी जा. वही-पेन सोबत न्या. आणि तोंडी उत्तर मिळालं की सरळ म्हणा, "भाऊ, हे कोटेशनवर लिहून द्या." जो लिहून देतो, त्याच्याशीच पुढचं बोला.

सगळ्यांचा पहिला प्रश्न रेंजचा असतो, तर तिथूनच सुरू करू. 'एका चार्जमध्ये १२० किलोमीटर' हा आकडा ठरलेल्या पद्धतीच्या चाचणीतून आलेला असतो. मागे कोणी बसलंय, वर्धा रोडला समोरून वारा आहे, तुम्ही साठच्या वेगाने चाललाय, अशा वेळी तो मिळत नाही. कागदावर १२० असेल तर ८० ते ९० धरून चाला. डीलरला विचारा, "नेहमीच्या मोडमध्ये, दोघं बसून, किती चालते?" आणि सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आलेले दोन-तीन जण तिथे असतीलच, त्यांनाही विचारा. डीलरपेक्षा त्यांचं उत्तर जास्त कामाचं.

आता हा हिशेब नीट ऐका. समजा तुम्ही सीताबर्डीच्या बाजूला राहता आणि नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत आहे. जाऊन-येऊन साठच्या आसपास होतात. आज गाडी ८५ देते, म्हणजे आरामात जमतं. पण बॅटरीची क्षमता वर्षागणिक कमी होते. ती ७० टक्क्यांवर आली की तीच गाडी साठाच्या घरात येईल. म्हणजे रोजच्या रस्त्यालाच जेमतेम पुरेल. आणि बहुतेक कंपन्यांच्या लेखी ७० टक्के क्षमता म्हणजे बॅटरी अजून ठीकच! म्हणून गाडी आजच्या गरजेवर घेऊ नका, चार-पाच वर्षांनंतरच्या रेंजवर घ्या.

इथून पुढे मी बॅटरीवर जरा जास्तच बोलणार आहे. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा तिचा असतो, आणि आपल्या शहराचा उन्हाळा तिच्या जिवावर उठतो.

विचारा, "बॅटरीतले सेल कोणते आहेत, एलएफपी की एनएमसी?" एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. हे सेल उष्णता जास्त सहन करतात आणि साधारणपणे जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज झेलतात. पण तेवढीच ऊर्जा साठवायला बॅटरी मोठी आणि जड लागते. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल. ते हलके, कमी जागेत जास्त रेंज देणारे, म्हणून स्कूटरमध्ये ते भरपूर दिसतात. एनएमसी वाईट असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे एनएमसी घेताना पुढचा प्रश्न जास्त जोर देऊन विचारा: "दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी लगेच चार्जिंगला लावली तर काय होतं?" चांगली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, बॅटरी थंड होईपर्यंत चार्जिंग थांबवते किंवा हळू करते. विक्रेत्याने हे समजावून सांगितलं, तर त्याला आपला माल माहीत आहे. "काही होत नाही हो, बिनधास्त लावा" असं म्हणाला, तर वहीत तसं टिपून ठेवा. आणि कोणी लेड-ॲसिड बॅटरीची स्वस्त गाडी दाखवली, तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. जड असते, लवकर थकते.

२०२२ मध्ये देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटण्याच्या घटना घडल्या, आठवत असेल. त्यानंतर बॅटरी सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. तुम्हाला दाखवलेलं मॉडेल दुसऱ्या टप्प्यासह प्रमाणित आहे ना, ते विचारा, प्रमाणपत्र पाहायला मागा. 'जुना स्टॉक आहे, घसघशीत सूट देतो' असं ऐकलं की गाडी आणि बॅटरी दोन्हीचा उत्पादन महिना पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. महिनोन्महिने चार्ज न होता पडून राहिलेली बॅटरी नवी कोरी असली तरी कमजोर होते.

पाण्याचंही तसंच. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. बॅटरीवर 'आयपी६७' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास ती तग धरते, अशी चाचणी झालेली आहे. पण मोटर, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा भाग), चार्जिंगचा सॉकेट यांचं काय? त्यांचं रेटिंग वेगळं विचारा. आणि पाणी शिरून बिघाड झाला तर तो वॉरंटीत बसतो का, तेही. बऱ्याचदा बसत नाही, मग विम्यात पुराचं नुकसान आणि बॅटरी दोन्ही आहेत का, ते पाहावं लागतं.

वॉरंटी! इथे डीलरसमोर बसून कार्ड वाचायला मागा. घरी जाऊन नाही, तिथेच. 'आठ वर्षं' हे अक्षर मोठं असतं, त्याच्या खाली बारीक अक्षरात 'किंवा ८०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते' असं असतं. मग विचारा: क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून देणार? ती क्षमता मोजणार कोण, आणि मोजल्याचा कागद मला मिळेल का? बदलून मिळणारी बॅटरी नवी असेल की दुरुस्त केलेली? तिची वॉरंटी नव्याने सुरू होईल की जुनीचीच उरलेली? एखादं सर्व्हिसिंग चुकलं तर वॉरंटी जाते का? गाडी विकली तर पुढच्या मालकाला ती मिळते का? आणि वॉरंटी संपल्यावर अख्खी बॅटरी घ्यायची झाली तर आजचा भाव काय? इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण सुटी लिथियम बॅटरी घ्यायला गेलात तर १८ टक्के. भाव करासकट लिहून घ्या.

आई-वडिलांसाठी हा भाग. दहावी-बारावीच्या मुलांना ट्यूशनला जायला म्हणून 'लायसन्स नाही, पासिंग नाही' अशा गाड्या खूप विकल्या जातात. कायद्यात ही सूट खरंच आहे, पण मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच. काही ठिकाणी डीलरच कानात सांगतो, "एक वायर काढली की चाळीसने पळते." तिथून सरळ उठून या. वेग वाढवला की ती कायद्याने मोटार वाहन झाली. म्हणजे नोंदणी हवी, विमा हवा, लायसन्स हवं. अल्पवयीन मुलाच्या हातून काही गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विमाच नसेल तर समोरच्या जखमी माणसाची भरपाई कुठून देणार? पोराच्या जिवाचा प्रश्न आहे, इथे पैसे वाचवू नका.

टेस्ट राइड. शोरूमच्या गल्लीत एक चक्कर म्हणजे टेस्ट राइड नाही. मागे कोणालातरी बसवा आणि उड्डाणपुलाची चढण घ्या, वर्धा रोडचा डबल डेकर जवळ असेल तर उत्तमच. आणखी एक: बॅटरी १५-२० टक्क्यांवर असलेली गाडी चालवायला मागा. चार्ज कमी झाला की बऱ्याच गाड्या ताकद आणि वेग कमी करतात. ट्रॅफिकमध्ये ओव्हरटेक करताना ते कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

सर्व्हिससाठी शोरूममधून उठा आणि मागे वर्कशॉपमध्ये जा. किती गाड्या उभ्या आहेत? त्यांच्यावर धूळ किती? मेकॅनिकला विचारा, "दादा, कंट्रोलर किंवा डिस्प्ले गेला तर पार्ट इथेच मिळतो की पुण्या-मुंबईहून येतो? किती दिवस?" धुळीने माखलेल्या पाच-सात गाड्या दिसल्या तर उत्तर तुम्हाला मिळालंच. डीलरकडे आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे गाड्या विकण्यासाठी लागणारा परवाना, आहे का, तेही पाहा. आणि ॲपमधली कुठली सोय पहिल्या वर्षानंतर पैसे भरल्याशिवाय बंद होते, हेही विचारा.

किंमत थोडक्यात. केंद्राचं अनुदान घसरत आलंय: २०२१ मध्ये बॅटरीच्या क्षमतेच्या प्रति किलोवॅट-तास १५,००० रुपये, जून २०२३ पासून १०,०००, पीएम ई-ड्राइव्ह ही केंद्राची अनुदान योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ५,०००. त्यामुळे जुन्या व्हिडिओतले आकडे घेऊन भांडू नका. आज बिलात किती वजा होणार, राज्याच्या धोरणातलं काही मिळणार का, आणि चार्जर किमतीत धरलाय की वेगळा, हे तीन आकडे ऑन-रोड कोटेशनवर वेगवेगळे मागा.

चार्जिंगला १६ अँपिअरचा सॉकेट लागेल की घरातला साधा चालेल, ते विचारा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. महाल-इतवारीच्या गल्लीत राहत असाल, गाडी रस्त्यावर उभी राहत असेल, तर बॅटरी काढून घरात नेता येणारंच मॉडेल पाहा, आणि ती बॅटरी शोरूममध्ये स्वतः उचलून एक जिना चढून पाहा.

डिलिव्हरीच्या दिवशी पूजा, पेढे, फोटो सगळं होऊ द्या. पण सही करण्याआधी चेसिस, मोटर, बॅटरी आणि चार्जर, चारही नंबर बिलाशी आणि वॉरंटी कार्डाशी जुळवा. बॅटरीचा नंबर कार्डावर नसेल, तर तो लिहून शिक्का मारून घेईपर्यंत तिथून हलू नका.