आजीच्या वहीसारखं

नमस्कार मंडळी. वडे गार होताहेत, मला ठाऊक आहे. थोडक्यात आटपतो, म्हणजे आपल्या मंडळाचं थोडक्यात.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही जर्मनीच्या सीमेपलीकडे याखिमोवला गेलो. चेकमधलं एवढंसं गाव, दरीतून चढत जाणारा एक लांब रस्ता. जर्मन नाव योआखिमस्टाल. 1516 साली चांदीपायी वसलं. इथलं नाणं ते योआखिमस्टालर, त्याचा झाला टालर, आणि टालरचा डॉलर. ज्याच्यामागे आपली निम्मी आळी अमेरिकेला गेली, त्याचं हे माहेर! पुढे इथल्याच खनिजाच्या चोथ्यातून क्युरी दांपत्याने रेडियम काढलं. मी हे रंगात येऊन सांगत होतो, लेक आईस्क्रीम खात होती.

दफनभूमीत मात्र ती थांबली. एका दगडावरचं शेवाळ नखानं खरवडून घडाघडा जर्मन वाचायला लागली, ‘हिअर रूट...’, म्हणजे ‘इथे विसावले...’. मग मला विचारलं, “बाबा, इथे हे कुणी वाचत नाही?”

मी सांगितलं. शतकानुशतकं हे गाव जर्मन बोलायचं. 1938 मध्ये हिटलरने हा पट्टा गिळला, तेव्हा इथल्या चेक लोकांना पळावं लागलं. युद्ध संपल्यावर पारडं फिरलं. देशभरातून तीसेक लाख जर्मन गेले, हाकलले गेले. माणशी तीस ते पन्नास किलो सामान. (आपण विमानात शेहेचाळीस आणलं होतं, त्यात दहा किलो लोणचं नि भाजणी. आपल्याला कुणी हाकललं नव्हतं.) मग कम्युनिस्टांनी युरेनियमसाठी राजकीय कैदी त्याच खाणींत राबवले. माणसं बदलली, दगड राहिले.

ती म्हणाली, “म्हणजे आजीच्या वहीसारखं.”

परतीच्या वाटेवर गाडीत जुंपली. बायको म्हणाली, “तिच्याशी जर्मन तूच बोलतोस.” मी म्हणालो, “छे!” तेही जर्मनमध्येच, हे मागच्या सीटवरून दाखवून देण्यात आलं.

आता रागावू नका. आपल्या गणपतीला दोनशे पानं उठतात आणि रविवारच्या मराठी शाळेत सात पोरं. त्यातही माझी एक, सर्दी नसेल तर. गेल्या दिवाळीत सूत्रसंचालन इंग्रजीत झालं, ‘जावयांना कळावं म्हणून’. जावई मागे बसून चकल्या खात होते. त्यांना कळण्यासारखं तेवढंच होतं. तिकडे निदान हाकलणारं कुणीतरी होतं हो!

परवा रात्री आईची वही काढली. पानांना तेलाचे डाग, शाईही पसरलेली. चकलीची भाजणी : तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक... लेक म्हणाली, “फोटो काढ, फोन वाचेल.” फोनने ‘धने’चं ‘धन’ केलं. मग मीच वाचू लागलो, ऐटीत. चौथ्या ओळीशी अडलो. आईचं ते गिचमिड अक्षर, दोनच शब्द, आणि मला लागेनात.

आई होती तोवर फोन करून विचारलं असतं. लेक अजून विचारते आहे, “पुढे काय लिहिलंय?”